बासष्ट टक्के

इन्व्हर्टरवर एकच चालतं: कूलर,
नाहीतर बॅटरी मेलेला हा लॅपटॉप.
नंदनवन, मे महिना, रात्रीचा दीड.
मी कूलरची पिन काढली.

"सगळं पुसून टाकू का?" त्यानं विचारलं.
दोनदा विचारलं. इतकं तर मला
कामावरून काढतानाही कोणी विचारलं नव्हतं.
हो म्हटलं.

मग नकाशा आला. नागपूरवर टिचकी मारली
तर ठिपका सरकत कोलकात्यावर जाऊन बसला.
अबे, झिरो माईल इथं आहे,
आमच्या घरून सायकलनं वीस मिनिटं!
ऐकेचना.

बासष्ट टक्क्यांवर पट्टी अडली.
खसची ताटी सुकायला लागली.
आतून रजनीगंधा: "काऊन हो, कूलर कोणी बंद केला?"
लाईट गेली, म्हटलं.
गेलेलीच होती. अर्धंच खोटं.

पावणेतीनला काळा पडदा, पांढरी अक्षरं.
पासवर्ड टाकतो, तर एक चांदणीही उमटत नाही.
बोटांच्या भरवशावर एंटर दाबलं.
उघडलं.
वायफाय नाही, आवाज नाही,
पण नऊ वर्षं घरघरणारा त्याचा पंखा
गप्प.

थोडा वेळ नुसता बघत बसलो.
मग पिन कूलरला लावली, तसा तो विझला.
उघड्या अंगानं फरशीवर लवंडलो.
कोलकात्यात तेव्हा तीन वाजले होते.
इथंही.