दोनशे सत्तर हात बाग

भुवनचंद्र पंत चंपावतहून आले,
मुलीला क्रीडा महाविद्यालयात सोडायला.
दोन बस, मग रात्रभर रेल्वे, मांडीवर भाल्याची लांब पिशवी.
मुलीने आमच्या माडीवरची खोली घेतली.
त्यांची गाडी रात्री दहाची.
ही म्हणाली, दाखवा की त्यांना ग्वाल्हेर.

मी एजी ऑफिसात छत्तीस वर्षं
लोकांची बिलं तपासली.
गाव दाखवण्याचा अनुभव शून्य.

किल्ला गेटातून चढलो.
प्रत्येक दरवाज्याशी मी थांबे,
हे बघा, म्हणे, ते बघा,
खरं तर दम लागलेला असे.
पंत डोंगरातले. तोंड मिटून चढत होते
आणि माझ्यासाठी प्रत्येक दगड नीट बघत होते.

चतुर्भुजाच्या देवळाशी मात्र मी जरा ताठ झालो.
इथे भिंतीवर शून्य कोरलंय, म्हटलं,
अकराशे वर्षांपूर्वीचं.
देवाला बाग दिली, दोनशे सत्तर हात लांब,
रोजचे पन्नास हार ठरवले. सगळं लेखी आहे.
त्यांनी शून्य पाहिलं. वाटाण्याएवढं.
मग मान वळवून खाली पाहिलं, हजिऱ्याकडे, छपरांवरच्या काळ्या टाक्यांकडे.
"और बगीचा?"
छत्तीस वर्षांत हा आक्षेप
मला का सुचला नव्हता?

सास-बहूच्या देवळात ते चपला काढू लागले.
मूर्ती नाही आत, मी म्हणालो, कधीचीच नाही,
फरशी तापलीय, पाय भाजतील.
"घर तो है," म्हणाले, आणि अनवाणी आत गेले.
खांबाला टेकून सांगत बसले
त्यांच्याकडच्या नौल्याची गोष्ट:
झऱ्यावर बांधलेलं दगडी घर,
कारागिराचा एक हात राजाने तोडला,
त्याने उरलेल्या हाताने एका रात्रीत उभं केलं.
आत देव नाही, नुसतं पाणी.
घागर घेऊन येणारी बाई
तिथेही वाकूनच आत जाते.

चहाच्या टपरीवर म्हणाले,
आमचे मूळपुरुष तुमच्या कोकणातले, असं आजोबा सांगत.
मी म्हटलं, आमचे साताऱ्याकडचे,
फौजेमागून दप्तर उचलून आले.
त्यांनी कोकण पाहिलेलं नाही. मीही नाही.
इथलं माझं मराठीसुद्धा आता
हिंदीच्या खांद्यावर हात टाकून चालतं.
तरी दोघांनी मिळून थोडा वेळ
त्या न पाहिलेल्या समुद्राविषयी गप्पा मारल्या.
भजी गार झाली.

परतताना रिक्षा पुलावर अडकली.
"नदी है?" त्यांनी विचारलं.
मी नाल्याच म्हणणार होतो.
आम्ही सगळे नालाच म्हणतो,
नाक दाबून, काच वर करून.
जिभेवर अचानक जुनं नाव आलं:
स्वर्णरेखा.
नाव ऐकताच ते उतरले.
मागे हॉर्न, रिक्षावाला चिडलेला,
आणि हा माणूस कठड्याशी हात जोडून उभा.
खिशातून रुपया काढला, टाकला.

पाण्यात पडलेल्या नाण्याचा
असा आवाज येत नाही.
खाली सिमेंटवर टणटणलं ते,
दोनदा, मग कुठेतरी कडेला थांबलं.
पंतांनी ऐकलं. मी ऐकलं.
त्यांनी हात तसेच जोडून ठेवले,
जरा जास्तच वेळ.
मी रिक्षात बसून होतो,
साठ वर्षं हा पूल ओलांडलेला,
मांडीवर त्यांची छत्री आणि मुलीसाठी घेतलेली गजक.

रात्री स्टेशनवरून आलो.
सवयीने दिवसाचा खर्च लिहिला:
रिक्षा, चहा, भजी, गजक.
खाली लिहिलं, स्वर्णरेखेस रुपया एक,
हस्ते पंत. पावती नाही.
मग वाटलं, पैसे तर माझे नव्हते, माझ्या वहीत कशाला.
खोडायला पेन उचललं.
माडीवर मुलगी अजून जागी होती,
खाट इकडून तिकडे सरकवत होती,
कुठल्या भिंतीला डोकं करावं
हे तिचं ठरत नव्हतं.