ओळंबा

फोन आला तेव्हा मी होटगी रोडला
एका बंगल्यात, मशीनच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून.
"इलाहीभाई, आमचं मशीन टिल्ट होईना झालंय."
होईना?
लोक मला बोलावतात ते सारखं होतंय म्हणून.

साखर पेठेत बोळापाशी रिक्षा थांबते.
पुढं पेटी खांद्यावर.
चंद्रकला इराबत्ती दारातच उभ्या.
"वरच आहे की. त्याला कुठं जायचंय."

हे मशीन मला पाठ आहे.
गड्ड्यातला एक खेळवाला चादरींच्या उधारीपोटी
ठेवून गेला, तो परत आलाच नाही.
काचेवर वाघावर बसलेली कुणी परदेशी बाई.
खंडेनवमीला मागांबरोबर तिलाही हळदकुंकू लागायचं,
ते अजून आहे, कपाळावर नाही, जरा डावीकडे,
कारण नागनाथशेठना चष्म्याशिवाय दिसायचं नाही.

तेव्हा खाली बारा माग होते.
जिना चढतानाच दात वाजायचे,
वर ताटातली शेंगाचटणी आपोआप सरकायची,
आणि गोळी सोडायच्या आधीच
लाल दिवा: टिल्ट.
कुणी हात लावला नाही, तरी टिल्ट.
शेठ म्हणाले, "माग तर बंद ठेवता येईना, तूच काहीतरी कर."

मशीनच्या आत एक ओळंबा टांगलेला असतो,
गवंड्याच्या ओळंब्यासारखाच, पण अंगठ्याएवढा,
पितळी कड्याच्या मधोमध.
धक्का बसला की कड्याला टेकतो
आणि खेळ संपतो. एवढंच त्याचं काम.
मी तो पार खाली सोडला होता,
बारा मागांना पुरेल इतका सैल.
शेठ रात्रपाळी लावून वर यायचे, बनियनवर,
गोळीमागं गोळी.
खाली धोटे, वर गोळी, कोण कुणाला मारतंय कळायचं नाही.

आज जिना चढलो तर
पायांचा आवाज आला, माझ्याच.

"ह्या पोराला बघा," त्या म्हणाल्या,
"काय करलालाय ते."
श्रीहरी, वय अकरा, मशीनला अख्खी मांडी लावून
ढकलत होता, उचलत होता,
गोळी पडायला लागली की सगळं मशीनच वाकडं.
आकड्यांच्या चकत्या फिरून फिरून पुन्हा शून्यावर.
"हरतच नाही तो. असं कसं चालेल?"

फळी उचलली.
आत रुई.
कॉईलवर, तारांवर, स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत,
करडी, मऊ, मधेच एक लाल धागा, एक हिरवा.
ब्रश हातात घेतला.
रबराच्या जागी मीच घातलेली सायकलच्या ट्यूबची कडी
अजून धरून होती, त्याचं बरं वाटलं.
रुई थोडी काढली. जिथं ठिणगी पडते तिथली.
बाकीची राहू दिली. का, ते विचारू नका,
त्यांनीही विचारलं नाही.

मग ओळंब्याचा स्क्रू.
गंजला होता. तेल, थांबणं, परत तेल.
वर सरकवला, बोटानं हलवून बघितला,
अजून थोडा वर.
श्रीहरी नाकात बोट घालून बघत होता.
"आता ढकलायचं नाही का?"
"ढकलायचं. पण त्याला कळेल."

गोळी सोडली. खांबांवर तीनदा आपटली,
घंटा वाजली, मधल्या फटीकडं यायला लागली,
आणि इतक्या वर्षांची सवय, माझी कंबर गेली.
लाल दिवा.
पाती मेली. गोळी दोन पात्यांमधून
शांतपणे निघून गेली.
ह्या घरात आज पहिल्यांदा
फक्त माझा धक्का मशीनला लागला.

श्रीहरी हसला, "आउट बे काका!"
चंद्रकलाबाई हसल्या नाहीत.
काचेकडं बघून म्हणाल्या,
"चहा ठेवते," आणि बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या.

खाली उतरताना कारखान्यातून गेलो.
फरशीत बोल्टांची भोकं, चार चार,
एकात कुणीतरी तुळस लावायचा प्रयत्न केलेला.

रिक्षाची वाट बघत वही काढली:
इराबत्ती, साखर पेठ. तीनशे, पैकी शंभर बाकी.
ओळंबा तीन सूत वर.