तिसऱ्या रविवारी

दोन रविवार आमच्या लग्नाचा पुकारा झाला
नवापूरच्या मंडळीत.
सलोमी गावित, इथलीच,
आणि अमोस वसावा, सोनगडचा.
कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगावं.
बाकांवर कुणी हललं नाही,
फक्त धाकटी बहीण खुदकन हसली
आणि आईने तिला चिमटा काढला.

तिसऱ्या रविवारी
पाळकांनी चष्मा काढला, पुसला,
आणि सरळ गीताचा नंबर सांगितला.

हरकत माझ्याच रक्ताने घेतली होती.
दवाखान्याच्या कागदावर
दोघांच्या नावापुढे एकच शब्द, वाहक.
चारातलं एक लेकरू, डॉक्टर म्हणाले,
विळ्यासारखं वाकलेलं रक्त घेऊन येईल.
दर खेपेला. चारातलं एक.
अमोसने असा एक भाऊ आधीच पुरला होता.

आमच्या स्टेशनावर एक बाकडं आहे,
अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत.
तो तिकडच्या अर्ध्यावर बसला, मी इकडच्या.
म्हणाला, प्रार्थना करू.
म्हटलं, केली की.
मग सुरतेची गाडी आली.
आईने दिलेला मोहाच्या लाडवांचा डबा
तो तिथेच विसरला, त्याच्या बाजूला.
मी हात लावणार नव्हते.
उचलला शेवटी. स्टीलचा होता.

पांढरी साडी पेटीत गेली, डांबरगोळ्यांसकट.
देवाची योजना असते गं, सगळे म्हणाले,
मांडीवर दोन आणि पोटात एक असलेली
मार्थाकाकूही म्हणाली.
मी मान हलवायची.
रात्री मात्र उशीत तोंड खुपसून सांगायची त्याला,
तुझ्या योजनेच्या कागदावर माझी ओळ कुठली?
वाचून दाखवू नकोस, नुसतं बोट ठेव.
त्याने ठेवलं नाही.

एकवीस वर्षं झाली.
मी मिशनच्या दवाखान्यात रात्रपाळीला असते.
मे महिन्यात दोन वाजताही भिंती तापलेल्या,
रंगावलीत पाण्यापेक्षा दगड जास्त,
आणि सात नंबरच्या खाटेवर निकेश, वय नऊ,
हाडं दुखतात म्हणून रडतो,
रडल्याने जास्त दुखतात म्हणून थांबतो.
साक्रीकडची त्याची आई माझा पदर धरते,
मन्हा पोऱ्या वाची ना, बाई?
मी सलाईनचे थेंब मोजते.
त्याचे पाय चोळते.
माझ्या न झालेल्या चारांपैकी
कुणाचे पाय असेच असते, माहीत नाही.

पाळकबाई म्हणतात, बघ सलोमी,
म्हणून आणलं त्याने तुला इथे.
नाही, पाळकबाई.
एका पोराच्या कळा वापरून
माझ्या आयुष्याची बेरीज जुळवणारा देव
मला नको. तो तसा नाहीही.
मला आठवते ती जैतुनांची बाग,
जिथे मुलाने एकदा नाही, तीनदा मागितलं
आणि बापाने ब्र काढला नाही.
मित्र घोरत होते.
तरी तो उठला.
गुडघ्यांची माती झटकली असेल की तशीच राहिली असेल,
याचा मी पुष्कळदा विचार करते.
त्या अंधारात जो थांबला होता
तो माझ्या अंधारात थांबेल, एवढं मला वाटतं.
त्यापुढचं मला दिसत नाही.
पहाटे निकेशला झोप लागते,
आणि माझं बोट त्याच्या मुठीत अडकून राहतं.

डबा अजून आहे. दुपारची भाकरी त्यातच नेते.
झाकण जरा वाकलंय.

आता मंडळीत कुणाचं जमलं
की पुकाऱ्याआधी पोरंपोरी माझ्याकडे येतात,
बाही वर करून, लाजत.
मी सुई टोचते, कागद भरते,
आणि रविवारी शेवटच्या बाकावर बसते.
पाळक विचारतात, कुणाची हरकत?
पंखा फिरत राहतो.
हरकत नाही, म्हणते मी मनात.
त्या दोघांसाठी म्हणते,
आणि थोडं वर बघून, माझ्यासाठीही.
कधी पुऱ्या मनाने,
कधी बाकड्याच्या इकडच्या अर्ध्यावर बसून, अर्ध्याच.
तो तेवढंही चालवून घेतो.