वडिलांच्या नावातलं एक अक्षर

खानापूर स्टँडसमोर माझं दुकान, आठ बाय नऊ.
झेरॉक्स, लॅमिनेशन,
आणि जानेवारी लागला की
सरकारी निवासी शाळांचे आठवीचे फॉर्म.
तेल चोपडून वेणी घातलेल्या पोरी
आईच्या खांद्याआडून
पडद्यावर आपलं नाव उमटायची वाट बघतात.

आज कणकुंबीकडनं तेजू आलीय,
पहिल्या गाडीनं. सोबत बाप.
पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी,
तिच्यात शाळेचा दाखला.
"जातीच्या दाखल्याचा आरडी नंबर?"
बाप मोबाईल पुढं करतो.
"ह्येच्यात सगळं हाय बगा."
त्यात एका म्हशीचा फोटो,
मग दुसऱ्या म्हशीचा,
मग दाखला, तिरका, अंगठ्यासकट.

आकडे टाकले. चक्र फिरलं, फिरलं,
आणि पडदा कानडीत म्हणाला,
वडिलांचं नाव जुळत नाही.

शाळेत निंगाप्पा.
नाडकचेरीत लिंगप्पा.
कुणा कारकुनाला वाटलं असेल,
न चुकून पडलाय, सुधारून द्यावा.
"दोन्ही मीच की," तो म्हणाला.
"कुणी कायबी म्हणू दे, मी ओ देतो."
खरं सर्व्हरला एकच बाप पाहिजे,
आणि उद्या शेवटची तारीख.
तो नोटरीकडं पळाला.

तेजू राहिली. बाकीचे रकाने घेतले.
परीक्षेचं माध्यम?
ती गप्प. नखानं टेबलाचा सनमायका खरवडत.
"ताई, लसाविला कानडीत काय म्हणत्यात?"
लसाअ, मी म्हटलं.
"म्हणजे शेवटचं अक्षर तेवढं बदलतंय?"
तेवढंच.
"आणि उत्तर?"
उत्तर तेच येतं.
"मग मराठीच घाला. तिथं गेल्यावर बदलतो मी."

बदलतो मी.
आमच्याकडं बायकासुद्धा असंच बोलतात,
मी जातो, मी जेवलो, मी भितो काय कुणाला.
इथं लिहिताना मी 'म्हटलं', 'म्हणते' लिहिते,
घरी गेले की मीपण म्हणतो.
माउस मात्र स्त्री या शब्दावर
न विचारता टिचकी मारतो.

पसंतीच्या शाळा, क्रमानं पाच.
बहुतेक पोरी जवळची पहिली सांगतात.
तेजूनं यादीवरनं बोट फिरवलं,
सवदत्तीवर थांबवलं.
"ही पहिली."
अगं, तीन गाड्या बदलायच्या.
"म्हणूनच. जवळ असलं की
म्हस व्याली तरी बोलवून घेत्यात."

मी हसले. मग हसू राहिलं तसंच तोंडावर,
काढून ठेवायला जागा मिळेना.
मी जवळची पहिली घातली होती.
नंबर लागला, पेटी घेतली, कुलूप घेतलं.
दिवाळीला घरी आले तर आईचा हात मोडलेला.
पेटी अजून आहे.
तिच्यात दुकानाची कोरी रिमं ठेवते.

साडेचारला बाप आला,
बाँड पेपर उन्हात धरावा तसा धरून.
निंगाप्पा आणि लिंगप्पा हे दोघे एकच इसम,
असं कानडीत टाईप केलेलं,
खाली त्याची सही, मराठीत,
न जरा जास्तच दाबून काढलेला.
स्कॅन केलं. जोडलं.
अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर अडकलं.

पाच दहाची शेवटची गाडी.
"जावा तुम्ही. गेला की पाठवते."
तेजूनं दारातनं एकदा पडद्याकडं बघितलं,
चुलीवर दूध ठेवून बाहेर जाताना बघतात तसं.

शटर अर्धं ओढून बसले.
नऊ वाजता सर्व्हर झोपला,
साडेदहाला जागा झाला,
अकरा चाळीसला पावती आली.
तेजस्विनी निंगाप्पा गुरव. अर्ज स्वीकारला.
स्वीकारला म्हणजे फक्त पोचला.
परीक्षा आहे, यादी आहे, दुसरी यादी आहे.

पावती धाडून दिली.
रेंज नसते तिकडं, सकाळी पोचेल,
आणि त्या फोनमध्ये
दोन म्हशींच्या शेजारी जाऊन बसेल.