कॅसेट उलटताना

कुठून सुरुवात करू, विचारलंस, लॅचलन,
तर पहिली कॅसेट सोडूनच दे.
तिच्यात ते नुसते घसे खाकरतायत,
वाद्यं एकमेकांना ओळख दाखवत नाहीत,
आणि प्रुइट ऑर्गनवर
अंधारात किल्ली शोधावी तसा चाचपडतोय.

दुसरी घे. निळ्या शाईतली.
ग्लेन्स फॉल्स, फेब्रुवारी, सत्याऐंशी.
बाहेर उणे चोवीस.
मी तेव्हा रटलंडला बर्फ हटवणाऱ्या ट्रकांना
रेडिओवरून रस्ते वाटून द्यायचे.
दुहेरी पाळी करून तशीच निघाले होते,
बुटांत रस्त्यावरचं मीठ.
माइक बांधलेला हॉकी स्टिकला,
स्टिक धरलेली ऑडेननं, दोन तास चाळीस मिनिटं,
हात बदलत बदलत.
नीट ऐकलंस तर हात बदलताना
डावीकडच्या झांजा जरा खाली बसतात.
तो दोष नाही.
तो ऑडेन आहे.

‘नाइन माइल क्रीक’ सुरू होतं रोजच्यासारखंच,
दोन कडवी, ठरलेलं वळण,
मग गिटार गाण्याच्या कुंपणापलीकडे पाय टाकते.
ड्रम वाजत राहतात, पण सम कुठे आहे
ते सांगायचं सोडून देतात.
बास एकच सूर धरून बसतो,
दारातून न उठणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखा.
चौदा मिनिटं अशी, की कुणी पुढे नाही,
कुणी मागे नाही,
आणि मग

खट्.

बाजू संपली.
ऑडेनच्या एका हातात स्टिक,
दुसरा हात, मोज्यासकट, रेकॉर्डरच्या झाकणाशी झटतोय.
पुढची बाजू लागते तेव्हा
सगळे भलत्याच सुरात आहेत, उंच, लख्ख,
छप्पर कुणी उचलून नेल्यागत.

मधले चाळीस सेकंद आम्ही एकवीस वर्षं रचत होतो.
डेल्फीन म्हणायची, तेव्हा दिवे गेले असणार.
प्लंकेट म्हणायचा, गिटार रडली.
प्लंकेटच्या मते गिटार नेहमीच रडते.
मी तर तिथे हजर होते, आणि मलाच आठवेना:
डोळे मिटले होते, किंवा बाथरूमच्या रांगेत होते.
दोन्ही खरं वाटतं.

मग ट्रॉयमधल्या एका गॅरेजात
त्याच रात्रीची आणखी एक कॅसेट निघाली,
उजव्या कोपऱ्यातून घेतलेली, ओल लागलेली.
ऑडेनच्या स्वयंपाकघरात आम्ही सहा जण,
जेवण गार होऊ देत, ऐकायला बसलो.

ड्रमवाल्याच्या हातून काठी पडते.
पडलेली ऐकू येते, घरंगळलेलीही.
प्रुइट हसतो,
हसता हसता भलतीच पट्टी दाबतो,
त्या गाण्यात कधीच नसलेली.
गिटार थबकते, एवढीशी,
आणि त्या चुकीचंच दार ढकलून
आत जाते.

एवढंच.

प्लंकेट उठला आणि भांडी घासू लागला.
ऑडेन म्हणाला, ‘काठी पडली होय.’
मग म्हणाला, पुन्हा लाव.
मग पुन्हा.
भांड्यांचा आवाज कधी थांबला, कळलं नाही.

आता दोन्ही जोडून कुणी अखंड प्रत केली आहे,
स्वच्छ, कुठे सांधा दिसत नाही.
तीही देईन, पण आधी ही ऐक,
त्या खट् सकट.
चौदाव्या मिनिटाला खुर्चीतून ऊठ,
स्वतःच्या हातानं उलट.

आणि फीत ढिली पडली तर
बोट घालू नकोस.
डबीत पेन्सिल ठेवली आहे.