पाणी सोडण्याच्या वेळा

बावीस वर्षं मी चावी फिरवतोय.
पहाटे चारला गंज पेठ, साडेपाचला घोरपडे पेठ,
खांद्यावर लोखंडी दांडा, रस्त्यात झाकणं.

आता ही चावी बोटाएवढी, प्लास्टिकची.

चैत्रालीला डोणज्यात मामाच्या बांधावर घोणस डसली.
इंजेक्शनांनी रक्त थांबलं.
लघवीही थांबली, ती थांबलीच.
"मशीनवर नेता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या,
"प्रेशर टिकत नाहीये. पोटातूनच करू."
बेंबीखाली नळी घातली, तिथंच, खाटेवर,
मला पडद्याबाहेर उभं करून.

पोटातही म्हणे एक पडदा असतो,
ओल्या मलमलीसारखा. रक्तातली घाण
त्यातून पाण्यात उतरते.
पाणी बदलत राहायचं. इतकंच.

इतकंच.
दहा मिनिटं भरायचं, तीस थांबायचं, वीस सोडायचं.
गावित सिस्टर दोन वॉर्डांत एकटी.
दुसऱ्या रात्री म्हणाली, "काका, तुम्हाला वेळा बऱ्या पाठ राहतात."
मी काही बोललो नाही. कोपरापर्यंत हात धुतले,
तिच्यासमोर क्लॅम्प उघडला.

आत पाचशे, बाहेर चारशे ऐंशी.
आत पाचशे, बाहेर पाचशे तीस.
तीस जास्त आले की मी तक्त्यावर गोल करतो.
आमच्या खात्यात गळती लिहितात,
जास्तीचं लिहायची वेळ कधी आली नाही.

पोरगी माझ्याशी बोलत नाही.
एवढं पाणी आत-बाहेर,
आणि ओठांना नुसता ओला बोळा.

निघालेली पिशवी उजेडात धरायची, मागे पेपर.
अक्षरं वाचता आली तर ठीक.
गढूळ दिसलं तर रात्री दोनलाही डॉक्टरांना उठवायचं.
मी वाचतो, तिच्या पोटातून आलेल्या पिवळट पाण्यातून:
'गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद.
शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने.'
काना, मात्रा, अनुस्वार, सगळं लागतं.

शुक्रवारी फोन. घोरपडे पेठेतल्या शिरोळकर बाई,
माझा नंबर कुठून मिळवतात देव जाणे.
"अहो, नळाला थेंब नाही! सोडणार कधी?"

मी खाटेखाली वाकलो होतो,
दुसऱ्या नळीच्या पिशवीपाशी,
चार दिवस कोरडी होती ती.
तळाच्या कोपऱ्यात काहीतरी, चमचाभर.
बोट लावून बघितलं. कोमट.

"आलंय," म्हणालो.
"दाब कमी आहे, बाई. पण आलंय."