शिक्का

सातपूरला, तिसऱ्या शेडमध्ये
माझं काम वेष्टनाच्या रिळावर.
माणूस कमी असला की तुपाचे डबेही मीच फोडते.
सकाळी दुबईचा माल,
कोपऱ्यात अरबी अक्षरांचा गोल शिक्का.
दुपारी रीळ बदलतं. तोच मैदा, तीच भट्टी,
शिक्का नाही.
हा माल सिडकोत, पंचवटीत, नाशिकरोडला.

आमच्या गल्लीतले भामरेकाका
हल्ली चष्मा लावून पुडा उलटा करतात.
एकदा सकाळचा पुडा चुकून दुकानात आला,
त्यांनी तो दोन बोटांनी परत ठेवला,
निखारा ठेवावा तसा.
म्हटलं, काका, नऊ वर्षं
चहात बुडवताय तेच आहे हे.
मग शिक्का कशाला, म्हणाले.
मला उत्तर आलं नाही.

शनिवारी गेटवर तुकडा बिस्कीट निघतं,
किलोवर, साध्या पिशवीत.
वडाळा नाक्याहून तस्कीन येते,
पोरांसाठी दोन किलो.
तराजूवर डोळा ठेवून विचारते,
चरबी कुठली गं ह्यात?
चरबी नाही, वनस्पतीच. डबा मीच फोडला.
तू म्हणतेस ना, मग बास,
अन् पिशवीला गाठ मारते.

परवा मी जरा ताठ्यातच म्हणाले,
बघ, माझ्यापुढे शिक्क्याचं काय चालतं!
तस्कीन हसली.
रिक्षात पाय ठेवता ठेवता म्हणाली,
अन् तुझी सुट्टी असेल
तेव्हा कुणाला विचारू?